कोरडी पेंड

त्याला सगळे पिळ्या म्हणायचे. पाठीमागे नव्हे, तोंडावर. आणि त्याला राग यायच्या ऐवजी त्याची छाती फुगायची. नावाला जागणारी माणसं मी फार थोडी पाहिली. हा त्यातला एक, आणि आमचं घाणाघर बुडवलं तेही यानंच. आडपडदा न ठेवता आधीच सांगून टाकते, कारण हल्ली गेटवर नवी पोरं मला विचारतात, "बाई, कंपनीनं तुमचे घाणे कसे बंद पाडले हो?" कंपनीचे हात काळे आहेतच, त्यावर मी घसा बसेपर्यंत भाषणं केलीत. पण पिळ्या भाषणात बसत नाही. भाषणात एका बाजूला मालक लागतो आणि दुसऱ्या बाजूला आपण. हा मेला आपल्या बाजूला उभा राहून आपल्यालाच बुडवून गेला.

आमचा कारखाना मक्याचा. मुख्य माल स्टार्च, म्हणजे ती पांढरी भुकटी. कागदाला लागते, कापडाला लागते, औषधाच्या गोळ्यांतही जाते. मका मोठाल्या टाक्यांत, गंधकाच्या कोमट पाण्यात भिजत ठेवायचा. दाणा मऊ झाला की अर्धवट भरडायचा. पीठ करायचं नाही, नुसता फोडायचा. मग दाण्याच्या बुडाशी असलेला कोंब सुटा होतो. तेल सगळं त्या कोंबात. म्हणून तो हलका, गरगरत्या पाण्यात वर येतो आणि बाकीचा माल खाली बसतो. या कोंबाला कारखान्यात जर्म म्हणतात. युनियनच्या कामात पडण्याआधी मी त्याच खात्यात होते, जर्म धुण्याच्या चाळणीवर. हाताला गंधकाचा वास इतका मुरला होता की घरी माझी लेक म्हणायची, "आई, तू भरवू नकोस, मी माझी जेवते."

आम्ही धुतलेला जर्म वाळून घाणाघरात जायचा, आणि तिथं पिळ्याचं राज्य.

घाणा म्हणजे बैलाचा नव्हे. लोखंडी पट्ट्यांचा आडवा पिंजरा आणि त्यात फिरणारा मांडीएवढा जाड स्क्रू. जर्म एका टोकानं आत जातो, पट्ट्यांच्या फटींतून तेल खाली गळतं आणि दुसऱ्या तोंडातून पेंडीच्या खपल्या बाहेर पडतात. ते तोंड किती आवळायचं यासाठी एक चाक. घाण्याच्या डोक्यावर वाफेवर तापणारं भांडं, त्याला आम्ही किटली म्हणायचो. जर्म किटलीत चांगला भाजला आणि तोंड करकचून आवळलं की तेल जास्त निघतं. पण फार आवळलं तर स्क्रू अडकतो, मोटरचा पट्टा जळतो, अख्खी पाळी बसून राहते. कुठं थांबायचं ते पिळ्याला घाण्याच्या आवाजावरून कळायचं. तो पिंजऱ्याला कान लावायचा आणि बाकीच्यांना हातानं गप्प करायचा.

मग पेंडीची गरम खपली उचलायची, तपकिरी कागदावर घासायची आणि कागद उजेडाला धरायचा. डाग दिसला की चाक आणखी थोडं फिरवायचं. डाग नसला की तो कागद शेडभर मिरवायचा. "बघ. हाताला लागते का बघ. घाल खिशात, घाल! शर्ट खराब झाला तर नवा माझ्याकडून." पाहुणे आले की मॅनेजर त्यांना घेऊन मुद्दाम घाणाघरात यायचा आणि पिळ्या त्यांच्यासमोर स्वतःच्या पांढऱ्या बाहीवर पेंड चोळायचा. पांढरा शर्ट तेलाच्या खात्यात! तो खास हे दाखवण्यासाठीच घालून यायचा.

घरीही तेच. चहाची गाळणी चमच्यानं दाबून दाबून चोथा भुसा होईपर्यंत पिळायचा. दात घासायच्या पेस्टची ट्यूब लाटण्याखाली धरायचा. ओले कपडे बायकोनं पिळून दोरीवर टाकले की हा ते उतरवून पुन्हा पिळायचा आणि वर म्हणायचा, "याला पिळणं म्हणतात?" वहिनी आमच्याच कारखान्यात पोती शिवायच्या मशीनवर होती. जेवणाच्या सुट्टीत नळावर भेटली की म्हणायची, "ताई, लग्नात माझं वजन काय होतं आणि आता काय आहे बघा. पेंड करून ठेवलीय माझी." आम्ही हसायचो. तीही हसायची, पण तिचं हसणं दातांच्या पुढं यायचं नाही.

मग सॉल्व्हंटची हवा सुरू झाली.

सॉल्व्हंट म्हणजे पेट्रोलच्या जातीचं पातळ द्रव्य. जर्म त्यात भिजवला की तेल आपसूक त्यात उतरतं. मग ते द्रव्य उकळून उडवायचं, गार करून पुन्हा वापरायचं, खाली तेल राहतं. घाणे नकोत, किटली नको, घाण्यावरची माणसं तर नकोतच. दोन-चार कंत्राटी पोरं बटणं दाबायला पुरतात. मालकांनी प्लांटची जागाही हेरली होती आणि मॅनेजर त्या प्लांटच्या नावानं आधीच बाशिंग बांधून बसला होता. घाणाघर गेलं असतं तर तीन पाळ्यांची माणसं रस्त्यावर आली असती, आणि त्यात पन्नाशीला टेकलेलेच जास्त.

आम्ही नुसता मुर्दाबाद केला नाही. मला शाळा सातवीपर्यंतची, पण गरजेपुरतं खणून काढायची सवय आहे. लॅबमधल्या मॅडमकडून मला कळलं की एक प्रोटीनवाली कंपनी मक्याच्या जर्मच्या मागे आहे. जर्ममधून तेल काढल्यावर मागं जे राहतं त्यात चांगल्या प्रतीचं प्रोटीन असतं. आपण ते जनावरांपुढं टाकतो. ही कंपनी त्याची पावडर करून बिस्किटांत, पेयांत घालणार होती. पण त्यांची अट होती, जर्म गार पिळायचा. किटली बंद, तोंड सैल. तेल अर्धंमुर्धं निघालं तरी चालेल, उरलेलं ते त्यांच्याकडे हळुवार काढून घेतील. प्रोटीन मात्र भाजलेलं नको.

म्हणजे घाणे राहणार! गार पिळायला घाणाच लागतो. आम्ही मालकांच्या उरावर बसून एक चाचणी पदरात पाडून घेतली. प्रोटीनवाल्यांच्या माणसासमोर आठवडाभर गार पेंड काढायची. ती पास झाली तर घाणाघर चालू. नापास झाली तर सॉल्व्हंट, आणि मग युनियननं रडायचं नाही.

चाचणीच्या आधी मॅडम घाणाघरात आल्या. तरुण होत्या, कुणालाही काका-मावशी म्हणायच्या. त्यांनी एक कच्चं अंडं आणि एक उकडलेलं अंडं आणलं होतं. दोन्ही फोडून दाखवली. "काका, कच्चा बलक पाण्यात कालवला की मिसळतो. उकडलेला मिसळेल का? आणि उकडलेलं पुन्हा कच्चं करता येईल का? जर्ममधलं प्रोटीन असंच आहे. एकदा भाजलं की संपलं. तुम्ही फक्त किटलीला हात लावू नका, आणि चाक सैल."

पिळ्या हात बांधून उभा होता. "मग पेंडीत तेल राहणार."

"राहू दे की."

"राहू दे?" त्यानं माझ्याकडे बघितलं. "पुढारीणबाई, ऐकलंस का? तेल राहू दे म्हणतात. उद्या म्हणतील, पोळी लाटताना पीठ राहू दे."

"तुला पिळायला नाही सांगितलं, नोकरी टिकवायला सांगितलंय," मी म्हटलं. "आठवडाभर जरा हात आखडता घे. जमेल का, की लिहून देऊ?"

सगळे हसले. तोही हसला. म्हणाला, "जमेल. मला काय! माणूस विष पितो, मी तेल सोडतो." घाण्यावरच्या सगळ्यांच्या देखत त्यानं शब्द दिला. पुढं जे झालं ते न कळल्यामुळे झालं नाही, म्हणून हे सांगते. अंडं त्याला पुरतं कळलं होतं.

पहिले काही दिवस काम झक्क चाललं. पेंड पिवळी, जाड, मऊ निघत होती. मॅडम तिचं पीठ किंचित सोडा घातलेल्या पाण्यात ढवळायच्या, वरचं पाणी गाळून घ्यायच्या आणि त्यात थेंब थेंब आम्ल टाकायच्या. दूध फाटावं तसं प्रोटीन पांढऱ्या गुठळ्या होऊन खाली बसायचं. प्रोटीनवाल्यांचा माणूस काचेला नाक लावून बघत राहायचा. मी मनात म्हटलं, जिंकलो.

पिळ्या मात्र घरात कुणी आजारी असल्यासारखा घाण्याजवळ उभा असायचा. घाणा सैल चालला की त्याचा आवाज बदलतो, भरड, पोकळ येतो. तो कानात बोटं घालायचा. पांढरा शर्ट घालून येणं त्यानं बंद केलं होतं.

आणि एके दिवशी सकाळी मॅनेजर आला. सोबत प्रोटीनवाल्यांचा माणूस नव्हता; त्याची गाडी त्या दिवशी उशिरा यायची होती. मॅनेजरनं पेंडीची खपली उचलली, बोटांत चुरडली आणि रुमालाला हात पुसला. रुमालावर तेलाचा डाग उमटला. त्यानं तो रुमाल पिळ्याच्या तोंडासमोर धरला.

"काय रे? म्हातारा झालास वाटतं. हाताला तेल लागतंय."

एवढंच. रुमाल घडी करून खिशात घातला आणि निघून गेला. मुद्दाम बोलला की सहज? माझं मत विचाराल तर मुद्दाम. त्याला पेंडीतलं कळत नव्हतं, पण माणसातलं बरोबर कळत होतं. वाफेचा कॉक कुणीही सोडू शकतं, पण पिळ्याला तापवायला फक्त एक वाक्य लागतं, हे त्यानं ओळखलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत माणसं डबे घेऊन बाहेर गेली. पिळ्या गेला नाही. म्हणाला, भूक नाही.

सुट्टी संपली तेव्हा मॅडम नमुना घ्यायला आल्या आणि शेडच्या दारातच थबकल्या. भाजल्याचा वास येत होता, खमंग, नाकात भरणारा. त्या धावत किटलीपाशी गेल्या, बाहेरून हात लावला आणि झटकन मागे घेतला. घाण्याच्या तोंडातून पातळ, तपकिरी, कडक खपल्या पडत होत्या. आणि आदल्या मालाच्या कोठीत त्या केव्हाच्या मिसळूनही गेल्या होत्या, कारण पेंड वाहून नेणारा पट्टा थांबत नसतो.

प्रोटीनवाल्यांचा माणूस दुपारी आला. कोठीतला नमुना त्यानं स्वतः काढला. पीठ पाण्यात टाकलं ते वाळूसारखं तळाला जाऊन बसलं. वरचं पाणी गाळून त्यात आम्ल टाकलं. थेंब टाकले, आणखी टाकले. फार तर चिमूटभर ढगाळपणा आला. बाकी पाणी तसंच नितळ राहिलं. मॅडम रडवेल्या झाल्या होत्या. त्या माणसानं बरणी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "चाचणीत असं होतं, तर रोजच्या कामात काय होईल?" त्याचं चूक नव्हतं.

कारखानाभर बातमी झाली की मॅनेजरनं मुद्दाम किटलीत वाफ सोडायला लावली. मी स्वतः तसं म्हटलं, मोठ्यानं म्हटलं. दुसऱ्या दिवशी गेटवर सभा ठेवली आणि मागणी एकच, चाचणी पुन्हा घ्या. प्रोटीनवाले आणखी दोन दिवस गावात होते. मॅडमनी त्यांना गळ घातली होती आणि ते तयार होतील असं दिसत होतं. दार अजून लागलं नव्हतं.

सभेच्या आधी वहिनीनं मला नळापाशी गाठलं. नळ सोडून ठेवला, म्हणजे कुणाला ऐकू जाऊ नये.

"ताई, वाफ यांनीच सोडली. काल घरी आले आणि खिशातून खपली काढून मला दाखवली. म्हणाले, बघ, आता लागतं का हाताला! जेवले पण पोटभर."

मी तशीच त्याला शोधत गेले. सायकलच्या शेडमध्ये होता, आणि पांढरा शर्ट घालून आला होता. मी त्याची कॉलर धरली. खोटं कशाला बोलू, धरली. "बेशरमा, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो तू! तुझ्या पेंडीपायी किती चुली विझणार, कळतं का?"

"कॉलर सोड," तो म्हणाला. "माझ्या घाण्यातून असली चिकट घाण निघणार नाही."

"घाणा तुझा आहे का? तुझ्या बापाचा आहे?"

"चालवतो मी."

मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. मी कॉलर सोडली आणि आवाज खाली आणला. "हे बघ. झालं ते झालं. आता तू फक्त गप्प बस. कुणी विचारलं तर, मी जेवायला गेलो होतो, एवढं म्हण. तेही नको म्हणू, नुसतं तोंड मिटून उभा राहा. चाचणी पुन्हा मिळेल. वाटलं तर या खेपेला घाण्यावर दुसऱ्याला ठेवू, तू आजारी पड. पण तोंड उघडू नकोस. वहिनीचा विचार कर."

त्यानं कॉलर सारखी केली. मला वाटलं, पटलं.

सभा भरली. मी बोलले, चांगलं बोलले. माणसं पेटली होती. मॅनेजर गेटच्या आतून ऐकत होता. माझं झाल्यावर तो पुढं आला, आवाज न चढवता म्हणाला, "आरोप करण्याआधी तुमच्याच माणसाला विचारा ना. सुट्टीत शेडमध्ये कोण होतं?"

माणसं ओरडली, "खोटं! खोटं!" बॉयलरवाला पिळ्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "सांग रे याला. तू असलं करशील का? सांग तोंडावर!"

तोंडानं नाही म्हणायचीही गरज नव्हती. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. बॉयलरवाल्याचा हात खांद्यावर तसाच होता. वहिनी बायकांच्या घोळक्यात उभी होती, तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. पिळ्यानं मॅनेजरकडे बघितलं. फक्त मॅनेजरकडे. आमच्याकडे कुणाकडेच नाही.

"मीच सोडली वाफ," तो म्हणाला. "चाकही मीच आवळलं. साहेब, काल तुम्ही म्हणालात म्हातारा झालास. आता जाऊन बघा पेंड. लागते का हाताला?"

बॉयलरवाल्याचा हात खांद्यावरून गळून पडला. मॅनेजर जरा हसला आणि म्हणाला, "नाही लागत. मानलं तुला." पिळ्याची मान ताठ झाली. देवाशपथ सांगते, त्या क्षणी तो माणूस सुखात होता. भोवती एवढी माणसं कामावरून जाताना दिसत होती, आणि हा सुखात होता.

त्यानंतर सांगण्यासारखं थोडं. प्रोटीनवाले गेले. घाणे भंगारवाल्यानं गॅसनं कापून नेले. पिळ्याला वाटलं होतं की मॅनेजर आपल्याला नव्या प्लांटवर घेईल. मॅनेजरनं त्याला गेटच्या आतही घेतलं नाही. घाण्यावरची माणसं कुणी हमालीला लागली, कुणी चौकीदार झाली, कुणी नुसतीच घरी बसली. गल्लीत पिळ्या दिसला की ती बाजू बदलायची. बॉयलरवाल्याचं काम टिकलं होतं, तरी तो एकदा त्याच्या पायाशी थुंकला. पिळ्यानं पाय मागे घेतला नाही.

घर वहिनीच्या पगारावर चालू लागलं. नव्या प्लांटची पोतीही तीच शिवते. संध्याकाळी तो तिला घ्यायला गेटवर येऊन उभा राहतो. मी त्याच्याशी बोलत नव्हते. पण एकदा त्यानं मला हटकलंच.

"पुढारीणबाई, सॉल्व्हंटची पेंड कशी निघते गं?"

मला गप्प बसता आलं असतं. पण माझा स्वभाव तसा नाही, आणि त्याची कीव करावी असं त्यानं माझ्यासाठी काही ठेवलंही नव्हतं.

"भुकटी निघते," मी म्हटलं. "तेल शेकड्याला एकसुद्धा राहत नाही. तुझ्या पेंडीत पाच-सहा राहायचं, तू कितीही आवळलंस तरी. मॅडमनी कधीचं मोजून ठेवलं होतं. कागदावर डाग पडत नव्हता, एवढंच."

"खोटं," तो म्हणाला. "माझ्या पेंडीत नव्हतं."

"होतं."

"पिळल्याशिवाय तेल निघतंय होय? कोण हात लावतो तिथं?"

"कुणीच नाही."

"आणि ते प्रोटीन?"

"वाफेवर भाजतात, द्रव्य उडवायला. जनावरांना जातं. कुणी विचारत नाही."

तेवढ्यात वहिनी बाहेर आली. त्यानं तिचा दंड धरला. "ही म्हणते ते खरं का गं? माझ्यापेक्षा कोरडी निघते? तुझ्या हाताखालून जाते रोज, सांग."

वहिनीनं दंड सोडवून घेतला आणि डब्याची पिशवी त्याच्या हातात दिली.

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "पोत्यात काय आहे ते बघायचा पगार मला मिळत नाही."

आणि ती पुढं चालू लागली. तो पिशवी घेऊन मागून निघाला.